पहिली भाकरी

ऑगस्ट 2019. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या आठवड्यात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या आंबेवाडी-चिखली गावांतली माणसं होडीतनं बाहेर काढली. छावणीत गेलेल्यांच्या याद्या होत होत्या, पण माळावरच्या आमच्या गावात कितीतरी जण पै-पाहुण्यांकडं उतरले होते, त्यांची यादी कुणाकडंच नव्हती. उपकेंद्राची आरोग्यसेविका म्हणून मी लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून द्यायच्या डॉक्सीच्या गोळ्या आणि पाण्यात टाकायचं क्लोरीन घेऊन घरोघर फिरत होते.

एका घरात सहा माणसांत सतरांची भर. सोप्यात पोती अंथरलेली, गोठ्यात पाहुण्यांच्या चार म्हशी. दूध संकलन बंद, म्हणून येईल त्या पोराच्या हातात दुधाचा पेला. त्या घरचे जोंधळे त्या पंधरवड्यात किती सरले, ते लिहायला कुठल्याच फॉर्मात रकाना नव्हता.

चिखलीच्या आजी इन्शुलिनवर. बाटली त्यांनी कमरेच्या पिशवीतनं जपून आणलेली. वीज नसल्यानं फ्रिज बंद. घरच्या वहिनींनी ती प्लास्टिकमध्ये बांधून गाडग्यात ठेवली आणि गाडगं ओल्या वाळूत पुरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगं पळत आलं. "सिस्टर, आजी कसंतरीच कराय लागल्यात!"

अंग घामानं चिंब, हात थरथरत होते. शुगर 46, फारच उतरलेली. गिळता येत होतं म्हणून वहिनींनी गुळाचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी 82.

सुई त्यांनी वेळेवर घेतली होती, भाकरी नाही. पहिल्या पंगतीला पोरं बसली होती.

"दुसऱ्याच्या दारात पोरांच्या आधी कसं खायाचं, बाई?" एवढंच बोलून आजींनी तोंडाला पदर लावला.

मला रागवता आलं नाही. बाटली गार आहे का ते मी रोज बघत होते. सुईनंतर लगेच जेवलात का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ते अजून सलतं.

वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर आजी चुलीपुढं पाटावर बसलेल्या. मी सुई दिली. तव्यावरची पहिली भाकरी वहिनींनी त्यांच्या ताटात टाकली, शेजारी आमटीची वाटी.

"आत्ती, चव बघा. तुमी सांगितल्याबिगर पोरांस्नी वाढणार न्हाई मी."

आजींनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, सावकाश चावला.

"मीठ जरा कमी हाय," त्या म्हणाल्या.