लाईट-पाणी मालकाचं, मग कुलूप कुणाचं?

फर्निचर, लाईट फिटिंग, प्लंबिंग, टाइल्स, पीओपी, यातलं कुठलंही काम करणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून बघा, थोड्या थोड्या दिवसांनी तोच मेसेज येतो, "भावांनो साईटवरनं हॅमर अन् ग्राइंडर गेलाय, कुणी विकायला आणला तर कळवा", आणि खाली गूगलवरनं उचललेला फोटो, कारण स्वतःच्या मशीनचा फोटो कुणी काढून ठेवलेलाच नसतो. दहा-बारा जण हात जोडलेले टाकतात आणि विषय तिथंच संपतो. मी पुण्यात इंटिरियरची कामं घेतो, घरात सुतारकाम आधीपासूनच, आणि साईटवरच्या हत्यारचोरीचा हा विषय असा हात जोडून संपवायचा नाही असं मला फार दिवस वाटतंय, म्हणून आज सगळं एकदाच लिहितोय.

जातं काय ते आधी सांगतो, कारण फ्लॅटमालकांना याचा अंदाज नसतो. चांगल्या कंपनीचा रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटला भोक पाडायचं मशीन, आठ-दहा हजारांच्या घरात, ग्राइंडर अडीच-तीन हजार, मार्बल कटर, ट्रिमर, जिगसॉ, लेझर लेव्हल, दोन बॅटऱ्यांवाला कॉर्डलेस ड्रिल... एका पेटीत तीस-चाळीस हजारांचा माल सहज असतो, म्हणजे मिस्त्रीची महिनाभराची हजेरी त्या पेटीत बसलेली असते. आणि नुसती मशीनची किंमत जात नाही. दुसऱ्या दिवशी काम बंद, हेल्परची हजेरी मात्र द्यायचीच, भाड्याने मशीन आणा नाहीतर उधारीवर नवीन उचला, आणि तिकडून मालकांचा फोन चालूच की वास्तुशांत ठरलीय, तुमचं कधी होणार.

हातहत्यारांचं तर आणखी वेगळं. आमच्याकडे एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची पिशवी गेली त्यात मशीन एकच होतं, बाकी रंधा, गुण्या, कानशी आणि चार पटाश्या, म्हणजे लाकडाच्या छिन्न्या. त्यातली एक पटाशी त्यांच्या वडिलांची, पातं घासून घासून नव्याच्या निम्मं राहिलेलं, मुठीवर लोखंडी कडं आणि त्याच्या वर ठोकून ठोकून लाकूड फुलासारखं पसरलेलं. विकायला काढली तर पन्नास रुपये पण कुणी देणार नाही. मशीन त्यांनी आठवड्यात हप्त्यावर घेतलं पण पटाशीसाठी ते कितीतरी दिवस बुधवारी अन् रविवारी जुन्या बाजारात फिरत होते, खाली अंथरलेल्या कापडावरचं एक एक पातं उचलून बघायचे. नाही मिळाली. नवीन पटाशीला धार लावून ती हाताला बसायला किती काळ जातो हे ज्याने काम केलंय त्यालाच माहीत.

चोरी म्हटलं की लोकांना कुलूप तोडलेलं दिसतं डोळ्यासमोर. साईटवर तसं क्वचितच होतं. चालू कामाच्या फ्लॅटची किल्ली वॉचमनकडे असते, तिथून टाइल्सवाला घेतो, पेंटर घेतो, एसीवाला घेतो, खिडक्यांचं माप घ्यायला आलेला माणूस घेतो, संध्याकाळी शेवटचा कोण गेला ते कुणालाच सांगता येत नाही. नवीन बिल्डिंग असेल तर दारं-खिडक्याच बसलेल्या नसतात. गेटवर आत येताना नाव, नंबर, फोटो सगळं घेतात, पण बाहेर जाताना पिशवीत काय चाललंय ते बघायची पद्धत बऱ्याच ठिकाणी नाहीच. सगळ्यात जास्त माल जातो तो जेवणाच्या सुट्टीत आणि कामाच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा चार-पाच ठेकेदारांची माणसं एकाच हॉलमध्ये असतात, त्यात दिवाळीच्या आधीची घाई असेल तर बघायलाच नको.

आणि मग संशय. तो नेहमी सगळ्यात लहान पोराकडे जातो, नवीन आलेला हेल्पर, बिहारचा असो नाहीतर बीड-परभणीचा. सगळ्यांसमोर त्याची बॅग ओतायला लावतात. एका साईटवर मी पोचलो तेव्हा हे होऊन गेलेलं, मशीन दुसऱ्या दिवशी पीओपीच्या गोण्यांच्या मागे सापडलं, कुणीतरी बाजूला सरकवून ठेवलेलं. तोपर्यंत तो पोरगा हिशोब न घेता निघून गेला होता. त्याचे पैसे त्याच्या गाववाल्याकडून पोचवले आम्ही, पण तो परत काही आला नाही. माझ्या साईटवर कुणाची बॅग उघडायची नाही हा नियम आहे, आणि तो पाळायचा असेल तर हत्यारं कुलपात राहिली पाहिजेत, दुसरा मार्गच नाही.

आता पोलीस तक्रार. बरेच जण जातच नाहीत, आणि जे जातात त्यांच्या हातात 'गहाळ' असा अर्ज टेकवला जातो. तो घेऊ नका. हरवलेली वस्तू वेगळी आणि चोरी वेगळी, अर्जात चोरी हाच शब्द लिहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, त्यात चोरीचं कलम 303 आहे, आणि चोरीला गेलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर तो अदखलपात्र गुन्हा धरतात, म्हणजे तुम्हाला एनसीचा, अदखलपात्र नोंदीचा, कागद मिळतो आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून नुसतं "ड्रिल मशीन गेलं" असं सांगायचं नाही, पेटीत काय काय होतं ते बिट्स, बॅटऱ्या, चार्जर, ब्लेडसकट सगळं किमतीसह लिहायचं, बेरीज करायची, पाच हजारांच्या वर गेलं की एफआयआर मागायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. घेतच नसतील तर एसपींना, शहरात असाल तर डीसीपींना, लेखी पोस्टाने पाठवा. मला कल्पना आहे, एक दिवसाची हजेरी बुडवून चौकीत बसणं परवडत नाही, पण कागदच नसेल तर उद्या कुठे दुसऱ्या गुन्ह्यात मुद्देमाल पकडला तरी त्यातलं मशीन आपलं हे सांगणार कसं?

तेच बिलाचं. अठरा टक्के जीएसटी वाचवायला पुण्यात बोहरी आळीत काय किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला काय, कच्च्या चिठ्ठीवर मशीन घ्यायची सवय आपल्या लाईनमध्ये फार जुनी आहे. मी सगळ्यांना सांगतो की बिल घ्याच, आणि त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. नंबर बॉडीवरच्या पट्टीवर असतो, ग्राइंडरची पट्टी तर धुळीने अन् उष्णतेने वर्षभरात पुसली जाते, त्यामुळे घेतल्या दिवशीच फोटो काढायचा. आमच्याकडे हे काम खंडेनवमीला करतो. त्या दिवशी नाहीतरी सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडलेली असतात, हळदकुंकू लावायच्या आधी एकेकाचा नंबर दिसेल असा फोटो, मग पूजा. युपी-बिहारचे मिस्त्री 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात, ते त्यांच्या हत्यारांचे फोटो त्या दिवशी काढतात. फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये तर ठेवाच, शिवाय घरच्यांना पण पाठवून ठेवा.

खुणेचं म्हणाल तर ऑइलपेंटचा पट्टा सगळेच मारतात आणि थिनरने तो दोन मिनिटांत निघतो. त्यापेक्षा सोल्डरिंग गनने प्लॅस्टिक बॉडीवर नाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे जाळून काढा, एक उघड्यावर आणि एक आतल्या बाजूला, बॅटरीच्या खाचेत वगैरे. असं मशीन विकायला जड जातं. बॅटऱ्या आणि चार्जर संध्याकाळी घरी न्यायचे, पिशवीत जास्तीचं वजन होतं मान्य आहे, पण बॅटरीशिवायच्या मशीनला गिऱ्हाईक कमी. पेटी लोखंडी घ्या, कडी-कोयंड्याचे बोल्ट आतल्या बाजूने नट लावून वेल्डिंगचा टिपका मारून घ्या, नाहीतर कुलूप जागेवर राहतं आणि कोयंडाच पान्याने उघडून नेतात. पेटी कॉलमला नाहीतर ग्रिलला साखळीने बांधा. ते ब्लूटूथवाले छोटे टॅग आता स्वस्त झालेत, पेटीच्या तळाला फोमखाली एक टाकून ठेवायला हरकत नाही, पण आसपास कुणाचा फोन असेल तरच ते लोकेशन दाखवतात, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. विम्याबद्दल पण विचारतात लोक, तर साध्या बर्गलरी, म्हणजे घरफोडीच्या, पॉलिसीत जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते, उघड्या साईटवरून नुसतं गायब झालेलं त्यात बसत नाही.

स्वस्तात जुनं मशीन घेणाऱ्यांना पण एक सांगायचंय. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा त्याच न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दहा हजारांचा हॅमर कुणी दोन हजारांत, बॉक्स नाही बिल नाही, सिरियल नंबर खरवडलेला, असा देत असेल तर तो कुठून आला हे आपल्याला कळत असतंच. आपल्यातलाच कुणीतरी घेतो म्हणून आपल्यातल्याच कुणाचं तरी जातं.

पण हे सगळं मिस्त्रीने एकट्याने करायचं, हे मला पटत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत सुताराला, गवंड्याला टूलकिटसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर मिळतं, चांगलीच गोष्ट आहे, पण ते हत्यार रात्री ठेवायचं कुठे? प्रत्येक कोटेशनमध्ये आपण लिहितो, लाईट-पाणी मालकाचं. कारण त्याशिवाय काम होत नाही हे दोघांनाही मान्य असतं. कुलपाच्या जागेशिवाय पण काम होत नाही. तीस-चाळीस लाखांचं इंटिरियर चालू असताना एक बाथरूम किंवा स्टोअर दार लावून कुलूपबंद देणं ही काही मोठी मागणी नाही, आणि मोठ्या साईटवर बिल्डरला तर एका फ्लॅटला शटर बसवून सगळ्या ठेकेदारांना वाटून देता येतं. स्वतःचं सिमेंट आणि सळई ते कुलपातच ठेवतात ना.

म्हणून मी आता कोटेशनमध्ये लाईट-पाण्याच्या खालीच लिहितो: "हत्यारे ठेवण्यासाठी कुलूपबंद जागा मालक देतील, किल्ली फक्त ठेकेदाराकडे राहील, जागा न दिल्यास साईटवरून गेलेल्या हत्यारांची निम्मी किंमत मालक देतील." निम्म्या किमतीवर घासाघीस होते, काही जण ते वाक्य खोडायला लावतात, मी खोडतो, पण जागेचं वाक्य खोडत नाही. सध्या बाणेरला काम चालू आहे, तिथल्या ताईंनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, "दादा, एवढ्याशा हत्यारांसाठी अख्खी खोली कशाला?" मी पेटी उघडून एकेक मशीन बाहेर काढून किंमत सांगितली. त्यांनी त्याच दिवशी कामवाल्या बाईंसाठीच्या टॉयलेटला प्लायचं दार बसवून घ्यायला सांगितलं, खर्च त्यांचाच. अण्णांची पिशवी आता तिथंच असते.

तुमच्यापैकी कुणी कोटेशनमध्ये किंवा वर्क ऑर्डरमध्ये असं काही लिहून घेत असाल तर ते वाक्य जसंच्या तसं मला पाठवा, आणि मालकाने काय उत्तर दिलं ते पण. दोन-चार चांगली वाक्यं जमली की एक साधा नमुना करून सगळ्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे प्रत्येकाला नव्याने भांडायला नको.