तुम्ही विचारलंत म्हणून: झाड का तोडता?

"वटपौर्णिमेला फांद्या तोडू नका म्हणून ग्रुपवर मेसेज टाकणारी तूच ना? मग डिसेंबरात ख्रिसमससाठी अख्खं झाड कसं तोडतेस?" पुण्याहून आत्या विचारतात, इथे अमेरिकेत पोर्टलंडमध्ये मंडळातल्या मैत्रिणी विचारतात. दरवर्षी मी "अगं, परवाना असतो" म्हणून विषय बदलते. यंदा नीट सांगते.

परवाना खरंच असतो. माउंट हूड डोंगराच्या जंगलासाठी इथलं वनखातं तो ५ डॉलरला देतं. झाड १२ फुटांपर्यंतचंच, मागे बुंधा फार उंच ठेवायचा नाही, नुसता शेंडा कापून न्यायचा नाही. दाटीतलं झाड काढलं की शेजारच्यांना उजेड मिळतो. मेथी-गाजराच्या वाफ्यात आपण विरळणी करतो, तसंच. बाजारात विकायला वडाच्या फांद्या ओरबाडतात, त्याच्याशी केलेली तुलना मला आजही पटत नाही.

पण विरळणीसाठी कोणी बर्फातून दीड तास गाडी चालवत जात नाही, हेही खरं. मी जाते ती त्या वासासाठी. आणि तिथे फोनला रेंज नसते, आम्ही तिघं एकमेकांशी बोलतो, त्यासाठी.

मुलगा चौथीत होता तेव्हाची गोष्ट. चौथीतल्या मुलांना एका झाडाचा परवाना मोफत मिळतो, त्यामुळे त्या वर्षी झाड त्याचं होतं. त्याने निवडलं ते सिल्व्हर फर, सात फुटांचं, पानांची खालची बाजू रुपेरी. मोठ्या झाडांच्या सावलीत उभं होतं. करवत हातात घेऊन तो थबकला. मी म्हटलं, "काप रे, लहानच आहे ते. बाळ आहे." आम्ही हातांनी बुंध्याभोवतीचा बर्फ उकरला. नवरा आडवा पडून कापत होता, मध्येमध्ये मुलगा. हातमोजे राळेने चिकट झाले. झाड पडलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

आम्ही दोरी बांधत होतो तेव्हा तो बुंध्यापाशी उकिडवा बसला होता. आमटीच्या वाटीएवढं खोड, त्यावर केसासारखी बारीक वर्तुळं. फोनच्या उजेडात नखाने एकेक मोजत होता. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. ३९.

"आई, हे तुझ्याहून मोठं आहे."

मी तेव्हा ३७ वर्षांची होते.

नंतर वाचलं, ही झाडं सावलीत वर्षानुवर्षं तशीच थांबून राहतात. वरचं एखादं मोठं झाड कोसळून उजेड आला, की मग झपाट्याने वाढतात. म्हणजे ते काही बाळ नव्हतं. थांबलेलं होतं.

गाडीत तो एक शब्द बोलला नाही. घरी दिवे मात्र त्यानेच लावले, खालपासून वरपर्यंत, फार हळू.

वनखात्याचं चुकतं असं मला वाटत नाही. त्या दाटीतली कितीतरी झाडं उजेड न मिळताच मरतात. हे मी त्याला सांगितलं, स्वतःलाही कितीदा सांगते. तरी "बाळ आहे" हे मी न बघता बोलले होते, ते विरळणीच्या हिशोबात कुठे बसत नाही. वटपौर्णिमेचा मेसेज पाठवणारी मी समोर उभी राहिली, तर तिला काय उत्तर द्यायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मेसेज मी येत्या जूनमध्येही पाठवणार आहे.

यंदाचा परवाना काढलाय. मुलगा आता सातवीत आहे. "येतो," म्हणाला, "पण वर्तुळं तू मोज."