4118 ते 4120

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या बिलिंग सॉफ्टवेअरची देखभाल माझ्याकडं आहे. सॉफ्टवेअर मूळचं दुसऱ्यांनी लिहिलेलं. मार्चअखेरीला तिथल्या अकौंटंटचा फोन आला. "साहेब, जरा येऊन जावा. बिलं गायब हाइत."

गेलो तर ऑफिसात कुणी बोलत नव्हतं. ऑडिटरनं यादीत पेन्सिलीनं खूण केली होती: 4117 नंतर एकदम 4121. मागं वर्षभरात अशा आणखी जागा होत्या. कास्टिंग गेटबाहेर गेलं, पैसे रोख घेतले आणि बिल पुसून टाकलं, ही शंका मालकांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. बिलं टाइप करणारी मुलगी टेबलाशी उभी होती. "मी काय बी डिलीट केलं नाही ओ," एवढंच ती परत परत म्हणत होती.

डेटाबेसमधलं बिलांचं टेबल, म्हणजे दर बिलाला एक ओळ असलेला तक्ता, उघडून बघितलं आणि मला खरंच राग आला. आधीच्या लोकांनी त्या टेबलातला ऑटो इन्क्रिमेंट आयडी, म्हणजे डेटाबेस प्रत्येक नव्या ओळीला आपोआप देतो तो पुढचा नंबर, हाच बिल नंबर म्हणून छापला होता.

मायएसक्यूएल या त्यांच्या डेटाबेसमध्ये नवीन ओळ घालायला घेतली, की हे नंबर मोजणारा काउंटर पुढचा नंबर देऊन टाकतो. ओळ शेवटी टिकते की नाही, याची तो वाट बघत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये आधी बिलाची ओळ तयार व्हायची, मग स्टॉक तपासला जायचा. स्टॉक कमी पडला, की सगळं ट्रान्झॅक्शन रोलबॅक, म्हणजे त्या बिलासाठी केलेले सगळे बदल एकदम मागं. ओळ जायची, नंबर मात्र परत यायचा नाही. तीनदा तसं झालं, तीन नंबर गेले.

"मग परत का घेत नाही नंबर?" मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यांच्याकडं डिस्पॅचला दोन कॉम्प्युटर आहेत. समजा, पहिल्यानं 4120 घेतला, दुसऱ्यानं 4121 घेऊन बिल छापूनही दिलं, आणि मग पहिल्याचं फसलं. आता काउंटर मागं न्यायचा कसा? 4121 ट्रकबरोबर गेलाय. आणि नंबर परत घ्यायची सोय ठेवायची, तर पहिल्याचं पुरं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवावं लागेल. ते थांबणं टाळायलाच हा काउंटर ट्रान्झॅक्शनच्या बाहेर ठेवलाय. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमधला सीक्वेन्स नावाचा काउंटरही असाच वागतो.

पण समजावून सांगणं वेगळं आणि पुरावा वेगळा. मायएसक्यूएल 8.0 मध्ये बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या पक्क्या झालेल्या बदलांची नोंदवही, मुळातच चालू असतो आणि बदललं नाही तर 30 दिवस राहतो. 4118 त्याच महिन्यातलं होतं. बिल खरंच तयार होऊन नंतर पुसलं असतं, तर ओळ घातल्याची आणि काढल्याची, दोन्ही नोंदी तिथं सापडल्या असत्या. रोलबॅक झालेलं ट्रान्झॅक्शन त्या लॉगमध्ये उतरतच नाही. 4118, 4119, 4120 यांची एकही नोंद नव्हती. सॉफ्टवेअरच्या एरर लॉगमध्ये मात्र त्याच दुपारी 'स्टॉक अपुरा' असं लागोपाठ तीनदा आलेलं. मग टेस्ट कॉपीवर मालकांनाच माउस दिला आणि मुद्दाम जास्त नग टाकायला सांगितले. बिल फसलं. पुढचं बरोबर केलं, तर मधला नंबर गायब. त्यांनी परत करून बघितलं, आणि मग त्या मुलीला म्हणाले, "बस गं बाळ, उभी का?"

दुरुस्ती त्याच आठवड्यात केली. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाला सलग क्रमांक लागतो, जास्तीत जास्त 16 अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. ते काम ऑटो इन्क्रिमेंटचं नव्हेच. त्याचं काम प्रत्येक ओळीला वेगळी ओळख देणं, एवढंच. म्हणून वर्षवार क्रमांकाचं वेगळं टेबल केलं. स्टॉक तपासून झाला, की शेवटी त्या टेबलातल्या चालू वर्षाच्या ओळीला कुलूप लावून नंबर घ्यायचा, आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बिल पक्कं करायचं. फसलं तर नंबरही मागं येतो. दुसऱ्या कॉम्प्युटरला क्षणभर थांबावं लागतं, पण एवढ्या बिलांना ते चालतं. रद्द केलेलं बिल पुसायचं नाही, 'रद्द' शेरा मारून ठेवायचं.

अकौंटंट म्हणाले, जुन्या रिकाम्या नंबरांवर आता काहीतरी बिलं घालून टाकू. मी साफ नकार दिला. त्या तारखांना ती बिलं झालीच नव्हती. त्याऐवजी प्रत्येक गाळलेल्या नंबराची यादी केली. जिथं एरर लॉग मिळाला तिथं तो जोडला, आणि मालकांच्या सहीचं पत्र ऑडिटरना दिलं. त्यांनी ते फाइलला लावलं.