आधी पाणी, मग रस्ता

आज दिवसभर नव्या वसाहतीच्या साइटवर होते. मास्टर प्लॅनमध्ये मुख्य रस्ता सरळ, देखणा दिसत होता. पण काल रात्री पाऊस झाला आणि नेमका त्याच रेषेवर ओहोळ वाहत होता, गढूळ, काडीकचरा ओढत. कंटूर नकाशात, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशात, ती घळ होतीच. आम्ही भराव टाकून बुजवायला निघालो होतो!

संध्याकाळी रस्ता वरच्या अंगाला सरकवला, घळीभोवती हिरवा पट्टा सोडला. चार प्लॉट कमी झाले, होऊ देत.

१९२९ मध्ये अमेरिकन नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी मांडलं होतं: शाळा वस्तीच्या मध्यावर, वर्दळीचे रस्ते कडेला. आता आमची शाळाही पट्ट्यालगत आलीय. मुलं मोठा रस्ता न ओलांडता चालत पोचतील. याचं फार समाधान वाटतंय.