सी बरा होतो, मग बी का नाही?

यकृतावर संशोधन करते असं कळलं की लोक जरा इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "हिपॅटायटिस सी तीन महिन्यांच्या गोळ्यांनी कायमचा जातो म्हणे. मग बीची गोळी वर्षानुवर्षं का?" परवा एका तरुणाने हेच विचारलं. हातात रिपोर्ट होता, रक्तातला विषाणू 'नॉट डिटेक्टेड'. "आता तर काही उरलंच नाही, मॅडम. बंद करू का गोळी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आणि आधी हे सांगते की मनाने बंद करू नका.

सी आणि बी एकाच अवयवात घर करतात, दोघांमुळे सिऱ्होसिस (यकृत व्रणांनी कडक होत जाणं) आणि कॅन्सर होऊ शकतो, पण त्यांचं कूळ वेगळं. सी हा आरएनएचा विषाणू, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर डीएनएत नाही, आरएनए या रेणूत लिहिलेला. तो पेशीत शिरतो, पण तिच्या केंद्रकात जात नाही. बाहेरच स्वतःच्या प्रती काढत बसतो. ते काम पुरतं अडवलं की असलेल्या प्रती झडून जातात आणि मागे काही राहत नाही. १९८९ साली त्याचा शोध लागला आणि पंचवीसेक वर्षांत तो मुळापासून घालवणाऱ्या गोळ्या आल्या. ८ ते १२ आठवडे घेतल्या की शंभरातले ९५हून जास्त रुग्ण मोकळे होतात. त्याआधीची इंटरफेरॉनची इंजेक्शनं, तो ताप, ते खचून जाणं ज्यांनी पाहिलंय त्यांना या गोळ्यांचं मोल विचारा.

बी फार चिवट. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ३२०० अक्षरांचा, पण तो थेट केंद्रकात जातो आणि आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून तिथेच ठेवतो. आम्ही त्याला सीसीसी-डीएनए म्हणतो. टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर या गोळ्या नव्या प्रती काढणं थांबवतात. कड्याला त्या हात लावत नाहीत. झेरॉक्स मशीन बंद पडलं, मूळ कागद कपाटात तसाच. शिवाय विषाणूच्या डीएनएचे काही तुकडे आपल्या गुणसूत्रांत शिवले जातात, ते वेगळेच.

हे मला पुस्तकापेक्षा प्रयोगाच्या ताटलीने पटवलं. बी कोणत्या दाराने पेशीत शिरतो हे २०१२ साली कळलं: एनटीसीपी नावाचं, पित्ताचे क्षार आत घेणारं प्रथिन. ते दार बसवलेल्या पेशी आम्ही वाढवतो, त्यांना लागण करतो, औषध घालतो. दर तीन दिवसांनी वरचं गुलाबी द्रव काढून विषाणू मोजायचा. आकडा उतरत उतरत मोजमापाच्या खाली जातो. पेशी शांत, चकचकीत, अगदी निरोगी दिसतात. मग औषध काढून घ्यायचं. पहिल्या मोजणीत काही नसतं, दुसरीतही कधी कधी नसतं. आणि मग एका सकाळी आकडा पुन्हा चढलेला दिसतो. किती वेळा पाहिलं, तरी त्या सकाळी पोटात गोळा येतो, कारण मला ताटली दिसत नाही, माणूस दिसतो.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी असाच चांगला रिपोर्ट बघून गोळी सोडली. काही महिन्यांत डोळे पिवळे, पोटात पाणी, जेवण तुटलं. त्या वाचल्या, पण यकृताचं जे नुकसान झालं ते झालंच. त्यांना दोष कसा देऊ? 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे 'रक्तात सापडला नाही', 'शरीरात नाही' असं नव्हे, हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलंच नव्हतं. काही रुग्णांची गोळी थांबवता येते, काहींना ती सुरूच करावी लागत नाही. पण ते यकृताच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि थांबवल्यावरही तपासण्या चुकवायच्या नाहीत.

आणि गोळीचं काम लहान समजू नका. विषाणू दबलेला राहिला की यकृताची सूज उतरते, व्रण भरून येऊ शकतात, कॅन्सरचा धोका घटतो. कड्यालाच कात्री लावता येईल का यावर जगभर काम चाललंय, आमचंही त्यातलंच. पण ते औषध अजून तुमच्या डॉक्टरांच्या हातात नाही, आणि त्या आशेवर आजची गोळी चुकवू नये.

एका बाबतीत मात्र बी हरतो. सीवर अजून लस नाही, बीवर १९८१पासून आहे. हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांमध्ये कायमचा ठाण मांडतो. धडधाकट मोठ्या माणसात ५हून कमी जणांत. म्हणून पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत. एवढी चांगली लस असूनही २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक बी घेऊन जगत होते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतही नव्हतं.

हे सगळं त्या तरुणाने शांतपणे ऐकलं. रिपोर्टची घडी घातली. मग विचारलं, "आईचीही तपासणी करायला हवी का?"

हो, म्हटलं. आईची, आणि भावंडांचीही. याच आठवड्यात.