गाडी उभीच असते, मग इन्शुरन्स कशाला भरायचा?

रिन्यूअलचा मेसेज आला की आमच्या घरात हा विषय निघतोच. घरून काम सुरू झाल्यापासून गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली असते, निघालीच तर एखाद्या रविवारी नाहीतर कोणाला स्टेशनवर सोडायला, आणि तेवढ्यासाठी वर्षाला एवढे पैसे भरायचे म्हटलं की जीवावर येतं. या वेळी भावोजी म्हणाले, "कॅन्सल करून टाक गं सरळ, लागेल तेव्हा काढ परत." भावोजींना तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे कोणाला जमत नाही, म्हणून इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, आपण ज्याला 'गाडीचा इन्शुरन्स' म्हणतो ते एका कागदावर छापलेले दोन वेगळे विमे असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही झालं तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं काही झालं तर, चोरी, आग, पूर, झाड पडणं सगळं यात. पहिला कायद्याने लागतो, दुसरा आपल्या मर्जीवर (गाडीवर लोन असेल तर बँकेच्या मर्जीवर, बँक तो सोडू देत नाही). पैसे वाचवायचे का नाही हा प्रश्न या दोन्हीसाठी वेगवेगळा विचारायला हवा, आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक दोन्ही एकदम बंद करायच्या गोष्टी करतात.

थर्ड पार्टीचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर बघा, १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३४१६, त्याच्या वर ७८९७, आणि यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मधल्या साइजच्या गाडीला साधारण ४०३१ रुपये वर्षाला, महिन्याचे साडेतीनशेच्या आत. आता याच्या बदल्यात काय मिळतं तर माणूस जखमी झाला किंवा गेला तर भरपाईला वरची मर्यादाच नाही, ट्रिब्युनल म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट जेवढी ठरवेल तेवढी कंपनी देते, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत. इतक्या कमी पैशात एवढं मोठं कव्हर दुसरं कुठलं मिळत असेल असं मला तरी वाटत नाही. इथे वाचवायला जाणं म्हणजे मला खरंच कळत नाही.

"पण गाडी चालतच नाहीये ना!" हे भावोजींचं पुढचं वाक्य. मोटर वाहन कायद्याचं कलम १४६ म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची, किंवा दुसऱ्याला वापरू द्यायची, तर थर्ड पार्टी विमा चालू पाहिजे. म्हणजे शब्द 'वापर' आणि 'सार्वजनिक ठिकाण' हेच आहेत, आणि गाडी तुमच्या स्वतःच्या कुलूपबंद गॅरेजमध्ये खरंच उभी असेल तर तेवढ्यापुरतं भावोजींचं बरोबर आहे, मान्य. पण किती जणांकडे असं गॅरेज आहे? निम्म्या गाड्या गेटबाहेर रस्त्यावर लावलेल्या असतात.

आणि 'वापर' या शब्दाचा अर्थ कोर्टाने केवढा मोठा लावलाय ते बघा. ऑक्टोबर १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात हायवेवर एक पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याच्या बाजूला आडवा झाला, पहाटेची वेळ, पेट्रोल गळत राहिलं, माणसं जमली, आणि धडकेनंतर काही तासांनी स्फोट होऊन आग लागली, त्यात लोक भाजले आणि काही गेले. मालकाच्या बाजूने मुद्दा आला की टँकर तेव्हा चालत नव्हता, नुसता पडून होता, मग हा 'वापरातून' झालेला अपघात कसा? सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये तो मुद्दा मानला नाही, उभी गाडी, बंद पडलेली गाडीसुद्धा वापरात असू शकते असं सांगितलं. आता आपली हॅचबॅक काही पेट्रोलचा टँकर नाही हे मलाही कळतं, पण 'उभी आहे म्हणजे माझी काही जबाबदारी नाही' हे इतकं सोपं नाही एवढंच म्हणणं.

शिवाय 'वापरू द्यायची' हे शब्द विसरू नका. भाचा येतो, मावशी जरा चावी दे ना, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणतो, आपण देतो. विमा नसेल आणि त्या कोपऱ्यावर काही झालं तर भरपाईसाठी बोलावणं मालकाला येतं, आणि ती भरपाई घर विकायला लावू शकते. दंडाचं त्यापुढे काहीच नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला २००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर ४००० रुपये. लोक त्या दोन हजाराचाच हिशोब करत बसतात.

'लागेल तेव्हा काढू' हे ऐकायला छान वाटतं. थर्ड पार्टी ऑनलाइन पटकन निघते हे खरंय, इन्स्पेक्शन म्हणजे गाडीची तपासणी पण नसते. पण पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते, आणि संपलेल्या पॉलिसीच्या बाबतीत आत्ता पैसे भरले म्हणून आत्ताच चालू असं दर वेळी होत नाही. आणि कमी वापराची गाडी आपण ठेवतो कशासाठी? रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायला लागलं तर असावी म्हणूनच ना? त्या वेळी कोण मोबाइलवर पॉलिसी काढत बसणार.

बाहेरच्या देशातले लेख वाचून पण घोळ होतो. ब्रिटनमध्ये 'सॉर्न' म्हणून सोय आहे, गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवायचं आणि मग टॅक्स आणि विमा दोन्हीतून सुटका. आपल्याकडे खासगी गाडीच्या थर्ड पार्टीला असं बटण दाबून थांबवता येत नाही. जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर विम्याच्या दर-नियमांमध्ये, 'लेड अप' म्हणजे गॅरेजमध्ये उभ्या गाड्यांसाठी सवलतीचं एक कलम होतं, पण एजंटला विचाराल तर तो तुमच्याकडेच बघत बसेल. चालू पॉलिसी मध्येच रद्द करायची तर २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियमांनी ग्राहकाला कारण न देता रद्द करता येते, वर्षाची पॉलिसी असेल आणि क्लेम घेतला नसेल तर उरलेल्या काळाचे पैसे प्रमाणात परत मिळतात, पण थर्ड पार्टीचा भाग सोडायचा म्हटलं की कंपनी दुसरीकडे विमा काढल्याचा नाहीतर गाडी स्क्रॅप झाल्याचा कागद मागते, आणि मागायलाच पाहिजे.

म्हणजे वाचवायला जागा आहे ती ओन डॅमेजमध्ये. इथे मात्र मी भावोजींच्या बाजूने अर्धी आहे. गाडी दहा-बारा वर्षांची आहे, आयडीव्ही म्हणजे विम्याने धरलेली किंमत लाख-दीड लाखावर आलीय, उद्या चोरीला गेली तरी आपण हळहळू आणि पुढे जाऊ, अशी परिस्थिती असेल तर ओन डॅमेज सोडून फक्त थर्ड पार्टी ठेवायला काहीच हरकत नाही. पण गाडी चार वर्षांची असेल आणि ती गेली तर दुसरी घ्यायला हात पसरावे लागतील, तर कमी चालते म्हणून सोडू नका, कारण चोरी आणि पूर यांना किलोमीटरशी काही देणंघेणं नसतं, उलट उभ्या गाडीकडे कोणाचं लक्ष नसतं. (बेसमेंटमध्ये पाणी शिरलं असेल तर गाडी चालू करून बघू नका, इंजिनमध्ये पाणी जाऊन ते कायमचं बसतं आणि मग इंजिन प्रोटेक्ट म्हणजे इंजिनसाठीचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर क्लेमवरून वाद.)

आणि 'एक वर्ष गॅप घेऊ, मग परत काढू' हा विचार असेल तर आधी नो क्लेम बोनस बघा. क्लेम न घेता वर्षं जातील तशी ओन डॅमेजवर सूट वाढते, २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ती सगळी शून्य. समजा सूट न धरता ओन डॅमेज ८००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे ४००० भरता. एक वर्ष सोडलं, वाचले ४०००. परत आलात की पहिल्या वर्षी ८०००, मग ६४००, मग ६०००, ५२००, ४४००, आणि तेव्हा कुठे परत ४०००. जादा गेलेले मोजा, १०,००० होतात. आयडीव्ही दरवर्षी उतरतो त्यामुळे खरे आकडे थोडे कमी निघतील, पण चार वाचवायला गेलो आणि दहा घालवले हे प्रमाण तेच राहतं. वर गॅप पडला म्हणून इन्स्पेक्शनचे फोटो-व्हिडिओ द्या, ते वेगळंच.

मग करायचं काय, तर कमी चालणाऱ्या गाडीसाठी खरी सोय आहे ती 'पे अ‍ॅज यू ड्राइव्ह'. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने ओन डॅमेजला अ‍ॅड-ऑन म्हणून याला परवानगी दिली, वर्षाला किती किलोमीटर चालणार ते आधी सांगायचं, त्याप्रमाणे सूट. बऱ्याच कंपन्या ओडोमीटरचा फोटो मागतात, काही गाडीत यंत्र बसवतात. सूट फक्त ओन डॅमेजवर, थर्ड पार्टीवर नाही, आणि किलोमीटर संपत आले तर टॉप-अप घ्यायचा. ठरलेले किलोमीटर ओलांडून गेलात आणि क्लेम आला तर काय होतं हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, ते वाचल्याशिवाय सही करू नका.

अजून एक, ज्याकडे कोणी बघतच नाही. १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा प्रत्येक गाडीच्या पॉलिसीत आपोआप चिकटवलेला असतो. तुमच्याकडे तेवढ्याच रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल, किंवा दुसऱ्या गाडीवर हा घेतलेला असेल, तर २०१९ पासून तो परत घ्यायची सक्ती नाही. ऑनलाइन रिन्यू करताना ती टिक काढता येते, कारण विचारतात तिथे आधीच आहे म्हणायचं (खरंच असेल तरच हो). बाकी झिरो डेप, म्हणजे क्लेममधून घसारा न कापणारं जादा कव्हर, जुन्या गाडीला मिळतंच असं नाही, आणि स्वेच्छेने थोडा भार स्वतःवर घेतला, म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल वाढवलं, की प्रीमियम अजून उतरतो. आमच्या गाडीला मी हेच केलं, थर्ड पार्टी आहे तशी, ओन डॅमेज कमी किलोमीटरचा, अपघात विम्याची टिक काढली.

आणि खरंच वापर नसेलच तर विकून टाका की. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, विकताना कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट घ्या, तीन वर्षांत नवीन गाडी घेतली तर तिथे लावता येतो. पण विकल्यावर लगेच पॉलिसी रद्द करायची घाई मात्र करू नका. आधी आरसीवर नाव बदललं का ते बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये सांगितलंय की गाडी कितीही हातांमधून पुढे गेलेली असली तरी आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे तोच मालक, भरपाई त्याच्याकडून. डीलर "करतो ट्रान्सफर मॅडम, आठवड्यात होऊन जाईल" म्हणतो, तोपर्यंत परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव तपासत राहायचं आणि पॉलिसी चालू ठेवायची.