वेग दुप्पट केला की ऊर्जा दुप्पट होत नाही

परवा लेक गतिज ऊर्जेचा, म्हणजे हलत्या वस्तूकडे असलेल्या ऊर्जेचा धडा पाठ करत बसली होती. "गतिज ऊर्जा कशावर अवलंबून असते, वस्तुमान आणि वेग यांवर", हे वाक्य तीनचारदा घोकून झालं तेव्हा मी विचारलं, की बरं, दोघांत जास्त जोर कोणाचा? ती म्हणाली, "बाबा, असं कुठे दिलंच नाहीये!" सूत्र मात्र तिला येत होतं, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे उत्तर तिच्याच तोंडात होतं, पण त्या 'वर्ग' शब्दाचं वजन कुठे जाणवलंच नव्हतं. आणि मला खरंच वाटतं की हा अख्खा धडा त्या एका शब्दात आहे.

मग आम्ही एक प्रयोग केला. एकाच मापाचे प्लास्टिकचे दोन पोकळ बॉल घेतले, आत वाळू भरली, ती हलू नये म्हणून वर कापूस ठासला आणि काट्यावर मोजून एक 50 ग्रॅमचा केला, दुसरा 200 ग्रॅमचा. ट्रेमध्ये मऊ क्लेचा जाड थर. हलका बॉल 120 सेंटीमीटरवरून सोडायचा आणि जड 30 सेंटीमीटरवरून. सोडायच्या आधी तिला विचारलं की खड्डा कोणाचा मोठा पडेल, ती लगेच म्हणाली जड वाल्याचा, चौपट वजन आहे ना. सोडले. दोन्ही खड्डे बोट घालून बघितले, पट्टी आडवी धरून बघितली, तरी फरक सांगता येईना.

आता गंमत बघा, 120 वरून पडणाऱ्या बॉलचा वेग क्लेला लागताना सेकंदाला साधारण 4.8 मीटर असतो आणि 30 वरून पडणाऱ्याचा 2.4, म्हणजे हलका बॉल फक्त दुप्पट वेगात होता, चौपट नाही. तरी त्याने चौपट वजनाच्या बॉलची बरोबरी केली. दोघांकडे साधारण 0.6 ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जा मोजायचं एकक).

हा प्रयोग माझा नाही, 1722 च्या सुमारास ग्रावेसांदे नावाच्या डच प्राध्यापकाने पितळी गोळे मातीत टाकून हेच दाखवलं होतं. तेव्हा मोठा वाद चालू होता, हलत्या वस्तूचा जोर वस्तुमान गुणिले वेग धरायचा की वेगाचा वर्ग घ्यायचा. जर्मन गणितज्ञ लायब्निट्स वर्गाच्या बाजूने होता, न्यूटनला मानणारे बरेचजण विरुद्ध. पुढे फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या बाईंनी 1740 मध्ये आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू जोरात मांडली. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, त्या काळात इतक्या मोठ्या लोकांशी वाद घालणं सोपं नव्हतं.

पण वर्ग का? लेकीचाही हाच प्रश्न. एक गाडी शून्यावरून सेकंदाला 10 मीटरवर न्यायची आणि मग 10 वरून 20 वर, दोन्ही वेळा तेवढ्याच जोराने ढकलायचं. वेळ दोन्हीकडे सारखाच लागतो. पण पहिल्या टप्प्यात गाडीचा सरासरी वेग 5 आहे, दुसऱ्यात 15, म्हणजे तेवढ्याच वेळात ती तिप्पट अंतर कापते आणि ते सगळं अंतर तुम्हाला तिच्यामागे धावत ढकलावं लागतं. काम म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून दुसऱ्या टप्प्याचं काम तिप्पट, पहिल्याचं एक, एकूण चार. सूत्रातला तो अर्धासुद्धा या सरासरीतूनच येतो. हे कळलं ना की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही.

आणि हे कागदावरचं नाहीये. दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी धावताहेत, एक ताशी 100 ने आणि दुसरी 120 ने, पुढे काहीतरी आडवं आलं, दोघींनी एकाच क्षणी एकाच जोराचा ब्रेक दाबला. 100 वाली त्या अडथळ्याला टेकता टेकता थांबली. 120 वाली कितीने आदळेल? बहुतेकजण 20 म्हणतात. उत्तर आहे ताशी 66! कारण ब्रेकने दोघींची सारखीच ऊर्जा काढून घेतली, 120 च्या वर्गातून 100 चा वर्ग वजा केला की 4400 उरतात आणि त्याचं वर्गमूळ 66. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं.

दिशेने काही फरक पडत नाही, डावीकडे जा की वर जा, ऊर्जा तेवढीच. पण कोण बघतंय त्याने पडतो, धावत्या ट्रेनमध्ये मांडीवरचा फोन तुमच्यासाठी स्थिर आहे, बाहेर उभ्या माणसासाठी नाही.

आता कणांकडे येऊ, इथे मला सगळ्यात जास्त मजा येते. खोलीतल्या हवेतले नायट्रोजनचे रेणू साधारण सेकंदाला 500 मीटर वेगाने एकमेकांवर आपटत असतात. तापमान म्हणजे या कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचंच माप. आणि बॉलच्या बाबतीत जे वस्तुमान इतकं महत्त्वाचं होतं ते इथे हिशोबातून निघूनच जातं! एकाच डब्यात हेलियम आणि नायट्रोजन भरा, तापमान एक असेल तर दोघांच्या रेणूंची इकडून तिकडे पळण्याची सरासरी ऊर्जा एकच. हेलियमचा कण सातपट हलका, म्हणून तो सेकंदाला 1370 मीटरच्या आसपास पळतो आणि हिशोब बरोबर जुळतो, अब्जावधी टकरांमधून आपोआप वाटणी होत राहते. वातावरणाच्या अगदी वरच्या टोकाला हायड्रोजन, हेलियमसारखे हलके कण पृथ्वीला सोडून निसटतात त्यामागे हा जास्तीचा वेगही आहे.

फक्त तापमान दुप्पट म्हणताना जपून. 20 डिग्रीचं 40 झालं म्हणजे ऊर्जा दुप्पट नाही, मोजायचं केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून, 293 वरून 313, जेमतेम 7 टक्के वाढ.

लेकीने शेवटी विचारलं, "मग ट्रेनमधल्या बाटलीतलं पाणी गरम का होत नाही, त्याचे कण तर किती जोरात चाललेत?" प्रश्न ऐकून इतकं बरं वाटलं! सगळे कण एकत्र एका दिशेने जातात ती वस्तूची गती, आणि आपापसात वेडेवाकडे हलतात ती उष्णता. एकीची दुसरी होते ती ब्रेकमध्ये. 1000 किलोची गाडी ताशी 100 वरून थांबवली तर साधारण 3,86,000 ज्यूल कुठेतरी जायलाच हवेत, ते सगळे ब्रेकच्या समजा 30 किलो लोखंडात गेले असं धरून आम्ही वहीत हिशोब केला. लोखंड 28 डिग्रीने तापतं. मग तिने स्वतःच 50 वरून थांबवून पाहिलं, उत्तर आलं 7.